बाबांच्या गाडीची कमान

घरात बाबा ठिणगीला ओळखत नसत. तिने चहा पुढे ठेवला की "उपकार झाले" म्हणायचे आणि अंगणात समोर आली तर "आपण कुणाकडे आलात?" असं अदबीने विचारायचे. तेच बाबा दुपारी आपल्या जुन्या पिकअपमध्ये स्टिअरिंगमागे जाऊन बसले, की थोड्या वेळाने बाजूला बसलेल्या लेकीकडे न बघताच म्हणायचे, "ठिणगे, दार नीट लाव."

दार नीटच लावलेलं असायचं. तरी ठिणगी ते उघडून पुन्हा लावायची. मग बाबा बोलायला लागायचे. कुठल्या ट्रकवाल्याने माल किती कोंबला, कुणाचा पाटा कसा मोडला, तिची आई त्यावर काय म्हणाली. गाडी जागची हलायची नाही. इंजिन कधीच थंड झालेलं होतं. पण तेवढा वेळ ठिणगीला बाप असायचा. लहानपणी ऐरणीवरून उडणाऱ्या ठिणग्या मुठीत धरायला धावायची म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि ते नाव घेणारं जगात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

बाबांचा धंदा पाट्यांचा. जड गाडीच्या चाकांच्या दांड्यावर, म्हणजे अॅक्सलवर, वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून आवळलेल्या असतात. ती पट्टी म्हणजे पाटा, एका चाकावरच्या अख्ख्या जुडीलाही पाटाच म्हणतात, आणि त्यांचा बाक म्हणजे कमान. कमान जितकी चढी तितकी गाडी उंच. बाबांनी आपल्या पिकअपमध्ये लोखंड वाहण्यासाठी जादाचे पाटे घातले होते, त्यामुळे ती गाडी रिकामी असली की ताठ मानेने उभी असे. तिच्यात चढायचं म्हणजे एक पाय पायरीवर, एक हात दाराच्या मुठीवर आणि मग अंग वर फेकायचं. जवानीत ते ठीक होतं. आता बाबांचा पाय पायरीवरून घसरला आणि ते कमरेवर आपटले.

हाड वाचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी नशीब होतं. पुन्हा पडले तर उठतील असं धरून चालू नका."

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, हिच्या तोंडाचा पट्टा घरात पहाटेपासून चालू असायचा. तिने लगेच निकाल दिला. "गाडी विकून टाका. ना रहे बांस... काय ते पुढचं."

"बासरी," ठिणगी म्हणाली. "आणि मग मला कोण ओळखणार? तू?"

आत्याने विकण्याचा विषय सोडून दिला. ते फार क्वचित घडायचं. मग दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच स्वयंपाकघरातलं स्टूल नेऊन गाडीशी ठेवलं. बाबांनी ते बघितलं, कुणी वाटेत टाकलं म्हणून कुरकुरत उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. मग सवयीने पाय उंच उचलला. ठिणगीने मागून धरलं म्हणून निभावलं. स्टूल तीनदा ठेवलं, तीनदा बाबांनी हलवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा माणूस. सगळं विसरला, पण वाटेतली वस्तू जागेवर ठेवायची शिस्त विसरला नाही.

बाप गाडीपर्यंत उंच होत नसेल तर गाडी बापापर्यंत खाली आणायची, असं ठिणगीने ठरवलं.

हे काम तिच्या हातचा मळ होता. बाबांनी हातोडा ठेवल्यावर वर्कशॉप तीच चालवत होती, आणि हल्ली जुन्या पिकअपचे शौकीन गाड्या जमिनीलगत बसवून घ्यायला तिच्याकडेच येत. बाबा भानावर होते तेव्हा या धंद्याला नाक मुरडायचे. "चांगली उभी गाडी पोटावर रांगायला लावायची, आणि त्याचे पैसे घ्यायचे," म्हणायचे. पण शिकवलेलं सगळं त्यांचंच होतं. पाटा भट्टीत किती लाल करायचा, तेलात केव्हा सोडायचा, कमान उतरवताना घण कुठे घालायचा. आणि सगळ्यांच्या वरचा एक नियम: गाडीचा एकही बोल्ट सोडण्याआधी चारही पाट्यांची जुनी रेघ खडूने फरशीवर काढायची, गाडी चाकांवर उभी असताना कमान जशी दिसते तशी. "आधी जुनी रेघ, मग नवी. नाहीतर परत कुठे जायचं ते कळणार नाही," असं ते म्हणत.

ठिणगीने रेघा काढल्या. पुढचे दोन्ही पाटे, मागचा पलीकडचा पाटा. मग ती चालकाच्या बाजूच्या मागच्या पाट्याशी आली. तो थकलेला होता. इतकी वर्षं एकच माणूस त्या बाजूला बसला, पेट्रोलची टाकीही त्याच बाजूला, त्यामुळे कमान बसली होती आणि गाडी किंचित त्या अंगाला कलली होती. तिरप्या उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यासारखी. असला पाटा कुणी परत बसवत नाही. तो पाहताच कारागिराचे हात शिवशिवतात. त्याची रेघ काढून करायचं काय? आजारपणाचा फोटो कुणी काढून ठेवतं का? ठिणगीने खडू खिशात टाकला.

मग तिने जीव ओतून काम केलं. जॅकवर गाडी उचलली, गंजलेले बोल्ट तेल पाजून सोडवले, जादाचे पाटे काढून बाजूला रचले. राहिलेल्यांची कमान उतरवली. दोन्ही बाजू एकाच रेघेवर आणल्या, इतक्या सारख्या की पट्टी लावली तरी उजेड दिसू नये. खाली आलेल्या गाडीचा दांडा चॅसीवर आदळू नये म्हणून मधले रबरी ठोकळे कापून बुटके केले. मुख्य पाट्याच्या टोकांना जे गोल डोळे असतात, त्यांत नवे रबरी बुश घातले. शौकिनांच्या गाड्यांना ती एवढं करायची नाही. काम संपलं तेव्हा गाडी खाली आली होती आणि सरळ उभी होती. पायरी तिच्या गुडघ्याच्या खाली आली होती.

"आता बसली शहाण्यासारखी," आत्या म्हणाली. "नाहीतर नुसती फुरंगटून उभी असायची मेली."

दुपारी बाबांना आणलं. ठिणगी हात पुढे करून मागे उभी राहिली, पण हात लागलाच नाही. बाबांनी पाय सवयीने उंच उचलला, मग खाली आणला, पायरीवर ठेवला आणि आत जाऊन बसले. आत्याने पदराने डोळे पुसले. ठिणगीला वाटलं, इतकं साधं होतं तर आधीच का नाही केलं? ती पळत पलीकडून येऊन बाजूला बसली.

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग थोडे सरकले. पुन्हा सरकले. दाराच्या बाजूला झुकले, तिथे काही सापडलं नाही म्हणून सरळ झाले. ठिणगी वाट बघत होती. तिने दार मुद्दाम अर्धवट लावलं.

"ही गाडी कुणाची?" बाबांनी विचारलं.

"तुमचीच, बाबा."

"नाही हो." ते हळू आवाजात म्हणाले. कुणी ऐकेल याची त्यांना भीती वाटत होती. "चला, उतरू या. मालक आला तर रागावेल. दुसऱ्याच्या गाडीत असं बसू नये."

ठिणगीने त्यांना हात देऊन उतरवलं. मग तिने कारागिरासारखा विचार केला. उंची बदलली, म्हणून बिनसलं. उंची परत देऊ, चढवायला आपण आणि आत्या दोघी धरू, पडले तर पडले आपल्या अंगावर. तिने पाटे परत सोडले, पुन्हा भट्टीत घातले, फरशीवरच्या जुन्या रेघांवर कमानी चढवल्या, चौथ्या पाट्याला पलीकडच्याचीच रेघ धरली, जादाचे पाटे घातले. गाडी पूर्वीसारखी ताठ झाली. दोघींनी मिळून बाबांना वर चढवलं. आत्याची कंबर धरली, तरी तिने हात सोडला नाही.

बाबा बसले, सरकले, दाराकडे झुकले, सरळ झाले. मग पुन्हा मालकाची काळजी करू लागले.

तेव्हा ठिणगीला कळलं. ती नुसती उंची नव्हती. त्या कललेल्या बाजूला बाबा आयुष्यभर टेकून बसले होते. कोपर दारावर, मान थोडी तिरकी, आणि खाली त्यांच्याच वजनाने बसलेला पाटा. डोक्याला काही आठवत नव्हतं, पण त्या कलात शिरलं की अंगाला आठवत होतं. आणि तिने, मोठ्या हुशार कारागिरणीने, तो कल दोष म्हणून काढून टाकला होता. तीन रेघा काढल्या आणि हवी होती ती चौथी.

तिने प्रयत्न सोडला नाही. नजरेने अंदाज घेऊन चालकाच्या बाजूची कमान थोडी उतरवली. बाबा बसले आणि म्हणाले, "कुणाची गाडी?" मग थोडी आणखी उतरवली. मग वाटलं जास्त झाली, म्हणून चढवली. घणाने एका दिवसात बसवलेली कमान आणि माणसाच्या वजनाने वर्षानुवर्षं बसलेली कमान यांत काय फरक असतो, तो पट्टीवर दिसत नाही. बाबांना मात्र दर वेळी दिसत होता. दर वेळी ते सांगितल्याप्रमाणे निमूटपणे बसत, इकडेतिकडे सरकत, आणि थोड्या वेळाने संकोचून म्हणत, "झालं का आपलं? उतरू का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडीवर खापर फोडू नका. हे आज ना उद्या होणारच होतं." आत्यानेही तेच सांगितलं, जरा जास्त शब्दांत. ठिणगीने दोघींचं ऐकून घेतलं. खरंही असेल. पण आदल्या दुपारी ती ठिणगी होती आणि दुसऱ्या दुपारी नव्हती, आणि मधे फक्त तिचा हातोडा चालला होता. हे दुःख कुणाच्या समजावण्याने कमी होण्यातलं नव्हतं.

शेवटी तिने गाडी पुन्हा खाली घेतली. निदान कधी दवाखान्यात न्यायला तरी कामी येईल, असं आत्याचं म्हणणं पडलं. दोन्ही बाजू पुन्हा एका रेघेवर आणल्या, बोल्ट आवळले. ती चाकाशी उकिडवी बसून शेवटचा बोल्ट तपासत होती, तेवढ्यात बाबा घरातून फिरत फिरत वर्कशॉपमध्ये आले. तिच्याशेजारी थांबले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि चाकामागे हात घातला. त्यांचा अंगठा पाट्यांच्या थरांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरला, जिथे थांबायचं तिथे थांबला, पुढे गेला.

"हे काम कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. परक्या माणसाच्या हुनराची कदर करताना बघतात तसं बघितलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "कमान कुठे तुटत नाही. मी बरेच कारागीर बघितले, असा हात नाही बघितला."

ठिणगीने पाना खाली ठेवला. वर्कशॉपमध्ये ती परकर घालून यायची तेव्हापासून या माणसाने तिच्या कामात फक्त चूक दाखवली होती. चूक नसेल तेव्हा नुसता पुढचा पाटा पुढे सरकवायचे, आणि तीच शाबासकी समजून तिने इतकी वर्षं काढली होती. लेकीला कधी न मिळालेले शब्द आज कुण्या अनोळखी बाईला मिळत होते, आणि ती बाई समोर बसून ते ऐकत होती.

"कुणाकडे शिकलात?" बाबांनी विचारलं.

"वडिलांकडे."

"आहेत का ते?"

तिने खाली ठेवलेला पाना उचलून परत ठेवला. बाबा घाईत नव्हते. वाट बघत उभे राहिले.

"आहेत," ती म्हणाली.

"मग त्यांना दाखवा हे," बाबा म्हणाले. "बरं वाटेल त्यांना."

"हो," ठिणगी म्हणाली, आणि त्यांच्या अंगठ्याला लागलेलं ग्रीस पुसायला तिने फडकं पुढे केलं.