जाम नदीचं सरकारी अंतर

मध्य प्रदेशातल्या सावरगावच्या मराठी शाळेत पोरं कमी, म्हणून दिल्लीच्या कम्प्युटरनं ती नदीपलीकडच्या पांढुर्ण्याच्या शाळेत विलीन करायला काढली. नकाशावर दोन्ही शाळांत अंतर अर्धा किलोमीटर, मधात एक निळी रेघ. रेघ म्हणजे जाम नदी.

हेडमास्तर गुणवंता गुरुजींनी ही शाळा गोठ्यातून इमारतीत आणली होती. त्यांनी जिल्ह्याला विचारलं. जिल्ह्यानं भोपाळकडे बोट दाखवलं, भोपाळनं दिल्लीकडे. दिल्लीचा फोन म्हणाला, हिंदीसाठी दोन दाबा. गुरुजींनी दोन दाबलं, तर बासरी वाजायला लागली. ती वाजतच राहिली.

"काऊन गुरुजी, आमचे पोट्टे पांढुर्ण्यात शिकतीन?" पालक समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले.

"तुमची सून पांढुर्ण्याचीच हाये ना, पुंडलिकराव."

"सून आणली जी. पोट्टे देऊन नाही राहिलो."

गुरुजी स्वतः पांढुर्ण्यात राहत आणि रोज पुलावरून स्कूटरनं येत. पण हा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून त्यांनीही काढला नाही.

एकच फट होती. विलीन करण्याआधी दिल्लीचा साहेब या शाळेतून त्या शाळेत पायी चालून बघणार होता, आणि तारीख शाळेनं कळवायची होती. गुरुजींनी पोळ्याचा दुसरा दिवस कळवला. दिल्लीच्या सुट्ट्यांत पोळाच नव्हता, तिथं दुसऱ्या दिवशीची दोन गावांची दगडफेक, म्हणजे गोटमार, कुठून असणार? तारीख लगेच मंजूर झाली.

साहेब नागपूरहून गाडीनं थेट सावरगावात उतरले. पुंडलिकरावांनी त्यांना शिळ्या पुरणपोळ्या वाढल्या आणि मग सगळे नदीवर गेले. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा. या काठावर सावरगाव, त्या काठावर पांढुर्णा. ज्याच्या हाती झेंडा तो जिंकला, आणि तोवर दोन्हीकडून गोटे.

"ये क्या चल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"दोनों गाँव मिल रहे हैं, साहब," गुरुजी म्हणाले.

"बच्चे किधर से जाएँगे?"

गुरुजींनी पळसाकडे बोट केलं. "झंडे के बगल से."

एक गोटा साहेबांच्या बुटाजवळ येऊन विसावला.

"पुल नहीं है?"

"है ना. आज उस पर ॲम्बुलन्स खड़ी है."

"फिर आप कैसे आए?"

"मैं कल ही आ गया था."

साहेबांनी गाडीत बसून, काच वर करून अहवाल लिहिला: अंतर अर्धा किलोमीटर, चालण्याजोगं नाही.

दिवाळीनंतर आदेश आला. शाळा वाचली. पुंडलिकरावांनी गुरुजींच्या स्कूटरवर संत्र्यांची टोपली बांधून दिली. गुरुजींनी एक संत्रं सोलता सोलता आदेशाचं दुसरं पान वाचलं, आणि फोड हातातच राहिली.

दोन्ही गावांत संपर्काचा अभाव दिसून आला, असं दिल्लीचं म्हणणं होतं. म्हणून दोन्ही शाळांच्या पोरांनी दरवर्षी नदीकाठी मिळून मैत्रीचा खेळ खेळावा. शाळेनं कळवलेली तारीखच पोर्टलवर दरवर्षीसाठी आधीच नोंदलेली आहे. ती बदलता येणार नाही.

गुरुजींनी फोन लावला. दोन दाबलं. बासरी.

"आता कसं करता जी?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"खेळाचा फॉर्म भरा लागीन, अन् काय. सांगा, खेळ कोणता लिहू?"

"पारंपरिक लिहा. खोटं तर नाही ना."

गुरुजींनी लिहिलं. पुढचा रकाना होता, लागणारं साहित्य. गुरुजींनी चष्मा पुसला, खिडकीतून नदीच्या पात्राकडे एकदा नीट पाहिलं, आणि वळणदार अक्षरात भरलं: 'स्थानिक पातळीवर मुबलक उपलब्ध. दिल्लीहून पाठवू नये.'