साखळीवाल्याने बोलायचं नाही

जपून, पाय अडखळेल! खाली बघा जरा. दोन काठ्यांच्या मधे गुंडाळून ठेवलेली ही गंजकी वस्तू म्हणजे मी. साखळी. लांबी बरोबर दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, एक बोटही कमी-जास्त नाही. क्वेल फ्लॅट गावच्या फुटबॉल मैदानाशेजारच्या खोलीत मी पडून असते. आज मला बोलू द्या. एरवी बोलायची बंदी आहे. मला नाही, मला धरणाऱ्याला.

आमच्या टेक्सासातल्या या फुटबॉलमध्ये चेंडू पायाने नाही, हातात घेऊन पळवतात, आणि चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकलात, तर नवे चार डाव मिळतात. नाहीतर चेंडू समोरच्याच्या हाती. ते दहा यार्ड मोजते मी. चेंडू अगदी काठावर पडला की मला धावत मैदानात नेतात, ताणतात, आणि तीन हजार माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघतात. एवढा मान गावच्या मेयरलाही नाही, खोटं कशाला बोलू!

मी एकटी आणि संघ अनेक. शनिवारी सकाळी सात-आठ वर्षांची पिल्लं, डोक्यापेक्षा हेल्मेट मोठं. मंगळवारी सातवी-आठवीची पोरं. गुरुवारी नववीचा संघ आणि शाळेची दुसरी फळी. आणि शुक्रवारी शाळेचा मोठा संघ. त्या दिवशी गावातली दुकानं सहाला बंद होतात. पोरगं शनिवारपासून शुक्रवारपर्यंत चढत जातं, त्याला दहा-अकरा वर्षं लागतात. माझा मात्र तो एकाच आठवड्याचा फेरा. किती पोरं मधेच गळाली, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

शुक्रवारच्या वर काय असतं, ते मला नेल्डामुळे कळलं. नेल्डा प्रुइट शनिवारी मैदानाच्या कुंपणापाशी अंडं-बटाट्याचे टाको विकायची. तिला ती सगळी शिडी पाढ्यासारखी पाठ.

"शाळेच्या वर कॉलेज," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "त्यात तीन श्रेणी. पहिली श्रेणी सगळा खर्च उचलते. दुसरी थोडा थोडा. तिसरीत खेळ म्हणून एक दमडी देत नाहीत, नुसती कौतुकाची थाप. आणि त्याच्यावर ते टीव्हीवरचे बत्तीस संघ."

"मग तुझा कोल्बी टीव्हीवर कधी?" कुणीतरी चिडवायचं.

"मला टीव्हीवाला नको गं बाई. दुसरी श्रेणी मिळाली, पोरगं शिकलं, की गंगेत घोडं न्हालं!"

कोल्बी तिचा एकुलता एक. आणि नवरा हार्लन. तो वेल्डिंग करायचा, बोलायला कंजूस. माझी पुढची काठी बावीस वर्षं त्याच्याच हातात होती. एकदा पावसात मी मधोमध तुटले, तेव्हा त्यानेच मला जोडलं. त्या कडीवर अजून त्याच्या हाताचा डाग आहे. दुसरी काठी दवाखान्यातला कंपाउंडर धरायचा, आणि डावाचा आकडा दाखवणारी पाटी म्हाताऱ्या अर्लकडे.

काठी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा पंचाने हार्लनला बजावलं होतं, "ओरडायचं नाही. टाळी वाजवायची नाही. खेळाडूशी बोलायचं नाही. तू माणूस नाहीस, खांब आहेस. कळलं?" हार्लनला फार आवडलं होतं ते. सांगत फिरायचा, मी खांब आहे म्हणून. कोल्बीने शनिवारच्या संघात आयुष्यात पहिल्यांदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, तेव्हाही त्याने टाळी वाजवली नाही. नुसती काठी घट्ट धरली, आणि मी थरथरले.

मग एका शुक्रवारी दुपारी मी हार्लनच्या पिकअप गाडीत मागच्या सीटवर होते, डागडुजीला त्याने मला घरी नेलं होतं. पुढे बापलेक. कोल्बी बारावीत होता, खांदे दारात न मावणारे. बचावाच्या फळीचा तो कणा. दुसऱ्या श्रेणीच्या एका कॉलेजचा माणूस त्या दिवशी खास त्याला बघायला येणार होता.

"डोकं अजून दुखतं का रे?" हार्लनने विचारलं.

"थोडं. दिव्याकडे बघितलं की."

"दोन आठवडे झाले त्या टकरीला. कोचना सांगितलंस?"

"वेडे आहात का बाबा! सांगितलं की बाकावर बसवतील. तो माणूस फक्त आज येतोय. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या कुणालातरी बघेल."

"आईला सांगू या?"

"आईला तर मुळीच नको. ती येऊन कोचच्या दारातच बसेल." मग पोरगं म्हणालं, "बाबा, आज काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. शब्द द्या."

हार्लनने खिडकीबाहेर बघितलं. कापसाची शेतं गेली, ती उंच टाकी गेली.

"बरं," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. एका शब्दाचा तो व्यवहार. मी मागे पडून ऐकला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. साखळीवाले उभे राहतात ते पाहुण्या संघाच्या बाजूला. आपले कोच, आपला डॉक्टर, सगळे पलीकडच्या कडेला. अलीकडे आपले फक्त साखळीवाले, आणि त्यांत कोल्बीचं माणूस एकटा हार्लन.

तिसरा चरण संपत आला होता. पाहुणे आपल्या हद्दीत घुसलेले. पहिला डाव. त्यांचा एक दांडगा गडी चेंडू घेऊन आमच्याच बाजूने सुटला, आणि कोल्बीने त्याला डोकं खाली घालून अडवलं. आवाज कसा सांगू? लाकूड फुटावं तसा. दोघं हार्लनच्या पायापासून तीन पावलांवर पडले.

गडी उठला. कोल्बीही उठला. पण तो आपल्या संघाकडे गेला नाही. हळूहळू चालत पाहुण्यांच्या बाकाकडे आला, हार्लनसमोर थांबला आणि अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "बाबा, आज गुरुवार ना?"

गुरुवार! गुरुवारी तो दोन वर्षांपूर्वी खेळायचा.

काठी हार्लनच्या मुठीत होती. त्या मुठीचा घाम मला कडीपर्यंत जाणवला. तो बोलेल, असं मला वाटलं. देवाशपथ वाटलं. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडत होतं, "शाब्बास कोल्बी!" वर सातव्या रांगेत तो कॉलेजचा माणूस बसला होता.

हार्लनने तोंड उघडलं नाही. नुसती हनुवटी उचलली आणि आपल्या संघाकडे इशारा केला. तिकडे. पोरगं आज्ञाधारक, गेलं.

दुसरा डाव. तिसरा डाव. अर्लची पाटी फिरत होती, हार्लन बघत होता. चौथ्या डावाला दोन यार्ड हवे होते. पुन्हा तोच दांडगा गडी, पुन्हा मधे कोल्बी. ढीग पडला. पंचाने मला बोलावलं.

आम्ही धावत मैदानात गेलो. मला ताणलं. चेंडू दोन कड्या कमी पडला होता! असा जल्लोष झाला की जमीन हादरली. पोरं कोल्बीच्या हेल्मेटवर थापा मारत होती. तो उभा होता, हसत होता. मग गुडघे मोडले आणि तो माझ्यावरच आडवा झाला. मला त्याच्याखालून ओढून काढावं लागलं.

रुग्णालयाचं हेलिकॉप्टर मैदानातच उतरलं.

कोल्बी वाचला. वाचला म्हणायचं. आता तो वीस वर्षांचा आहे. ओसरीवर खुर्चीत असतो, घास भरवावा लागतो, नेल्डाला कधी 'ताई' म्हणतो, कधी काहीच म्हणत नाही. गाव चांगलं वागलं. जेवणाचे डबे आले, प्रार्थना झाल्या. आणि सगळे एकच वाक्य बोलायचे, "कुणाच्या लक्षातच आलं नाही हो!" कोच म्हणाले, डॉक्टर म्हणाले. नेल्डाही तेच म्हणायची, रडताना. हार्लन शेजारी बसून मान हलवायचा. मेल्याने कशी हलवली असेल ती मान?

पुढच्या हंगामात त्याने पुन्हा काठी धरली. काय हिंमत आहे माणसाची, गाव म्हणालं. हिंमत कसली! त्याला जायला दुसरी जागाच नव्हती. खांबाला कुणी प्रश्न विचारत नाही.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. शनिवार, सकाळ, चिमुरड्यांचा सामना. दुसऱ्या डावात ब्रायर नावाचं सात वर्षांचं पोर दुसऱ्या पोरावर आपटलं. उठलं, आणि सरळ मोटारी उभ्या होत्या तिकडे चालायला लागलं.

"ए ब्रायर! आजीकडे निघालास का? मैदान इकडे आहे!" त्यांचा कोच डब टार्वर ओरडला. लोक हसले. पोर वळलं, पण भलत्याच संघात जाऊन उभं राहिलं.

माझी काठी खाली पडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हार्लन मैदानात चालत गेला आणि पोराला उचलून घेतलं.

"हार्लन! अरे साखळी सोडून कुठे चाललास?" डब धावला. "नियम माहीत आहे ना तुला?"

"याला बाहेर काढ. डॉक्टरकडे ने."

पोराचा बाप कुंपणावरून उडी मारून आला. "खाली ठेव त्याला! काही झालेलं नाही. तुझ्या पोराचं तसं झालं म्हणून सगळ्या गावाने आपली पोरं पदराखाली ठेवायची का?"

"माझ्या पोराचं मी बघितलं होतं," हार्लन म्हणाला.

"काय बघितलं होतंस?"

"तो माझ्यासमोर आला होता. आज गुरुवार ना, म्हणून विचारलं त्याने. मी त्याला परत पाठवलं."

ब्रायर त्याच्या शर्टाचं बटण ओढत होतं. बापाने पोर घेतलं आणि मोटारीकडे गेला. कुंपणापाशी नेल्डा उभी होती, हातात गुंडाळलेला टाको. तो तिने कुणाला तरी दिला, बहुतेक ज्याचा होता त्यालाच. मग फाटक उघडून आत आली.

"कितव्या डावाला?" तिने विचारलं.

हार्लनने तिच्याकडे बघितलं नाही. "पहिल्या."

"तो पडला चौथ्याला."

"हो."

"दुसरा, तिसरा, चौथा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तीनदा सांगता आलं असतं तुला, हार्लन. तीनदा."

"मी त्याला शब्द दिला होता."

"आणि मला? दोन वर्षं रोज माझ्याबरोबर त्याला आंघोळ घालतोस. मला काय दिलंस?"

ती फाटकातून बाहेर गेली, टाकोची शेगडी बंद केली, घरी गेली. कोल्बीची अकराच्या औषधाची वेळ झाली होती.

ब्रायर बरा आहे. डोक्याला मार होता, महिनाभर घरी बसवलं. त्याच्या आईने एका संध्याकाळी हार्लनच्या वेल्डिंगच्या दुकानाच्या पायरीवर घरी भाजलेली गोड पाई ठेवली आणि कुणी बघायच्या आत निघून गेली. हार्लन आता त्या दुकानातच झोपतो. रोज सकाळी पोराला आंघोळ घालायला घरी जातो. नेल्डा दार उघडते, बोलत नाही.

त्या शनिवारी माझी काठी डबच्या भावाने उचलली. पंचाने विचारलं, "कितवा डाव होता?" अर्लने पाटी बघून सांगितलं, "दुसरा." सामना सुरू झाला. लोक पुन्हा ओरडायला लागले.

डबचा भाऊ भला माणूस आहे. टाळी वाजवत नाही, ओरडत नाही, पंचांना फार आवडतो. त्याचा मुलगा यंदा मंगळवारच्या संघात आलाय. मी त्याच्या हातात असते आणि मला भीती वाटते.

मी लोखंड आहे, मला मोजण्यापलीकडे काही येत नाही. तुम्ही कधी अशाच कुठल्या कडेला उभे असाल, समोर तुमचं पोर असेल किंवा दुसऱ्याचं, आणि कुणीतरी सांगितलेलं असेल की तू खांब आहेस, तर ऐकू नका. ओरडा, काठी फेका, सामना मोडला तरी मोडू द्या. आणि चौथ्याची वाट बघू नका. पहिल्याच डावाला.