शून्य नंबरचं डिझेल

तांगशानच्या पोलाद कारखान्याबाहेर ऊन असं पडलं होतं, की हमाल बाह्या सारून फिरत होते. आणि हाओ शीलिन आपल्या ट्रकच्या इंजिनावर गोधडी बांधत बसला होता. हमाल हसले. हसू देत. त्यांना कुठं उत्तरेकडचा खिंगानचा घाट चढायचा होता? दर ऑक्टोबरात हिवाळ्याची तयारी म्हणजे शीलिनच्या अंगात यायचं. रेडिएटरात न गोठणारं पाणी, नवी बॅटरी, चाकांना बांधायच्या साखळ्या तेल चोळून पेटीत. ट्रेलर उघडा, बिनकठड्याचा, वर पोलादी नळ्यांची रास. थंडीनं कडक झालेला दोर तुटला तर नळ्या थेट मागच्या गाडीच्या काचेतून आत शिरतात, म्हणून प्रत्येक गाठ तो स्वतः ओढून बघायचा.

"लग्नातसुद्धा इतका नटला नव्हतास," शुछिन म्हणाली. बायको इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून सगळ्या चीनभर फिरलेली. ताडपत्री अर्धी तो ओढणार, अर्धी ती.

तेवढ्यात तिच्या भावाचा, बाओखूचा फोन आला.

"ताई, बाबांचं काही खरं नाही. लवकर या."

एवढं ऐकल्यावर तिची थट्टामस्करी संपली. त्यांच्याकडं मरणाऱ्या माणसाला शेवटचे कपडे श्वास चालू असतानाच घालतात. नाहीतर माणूस उघडाच पलीकडं गेला असं म्हणतात. म्हाताऱ्यानं बजावून ठेवलं होतं, माझे कपडे मुलीच्या हातानंच. निळा सुती अंगरखा शुछिननं स्वतः शिवून माहेरच्या पेटाऱ्यात ठेवला होता. आता तिला फक्त घाटापलीकडं, गन्हला, वेळेत पोचायचं होतं.

शीलिननं दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. वाटेत कुठं थांबायलाच नको. शून्य नंबरचं डिझेल, म्हणजे शून्य अंशाखाली गेलं की थिजणारं. उबदार मुलखात तेच मिळतं, तेच चालतं. घाटावरच्या थंडीला उणे पस्तीसचं लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

तोंगल्याओला पंपावर उणे पस्तीसची पाटी लागली होती, आणि पाटीखाली ट्रकांची ही लांब रांग.

"घे गाडी आत," शुछिन म्हणाली.

"रांग बघ! अर्धा दिवस इथंच जाईल."

"बाओखू म्हणत होता, वर थंडीची लाट आलीय."

"ऑक्टोबरात कसली लाट? इंजिन बंद नाही केलं की डिझेल गोठत नाही. मला शिकवू नकोस."

बापाकडं लवकर पोचायची घाई तिलाही होतीच. त्या घाईपुढं तिनं आपलं शहाणपण गिळलं आणि पंप मागं पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात गाडीला धाप लागली. शीलिननं गिअर उतरवला, पाय दाबून धरला, आईबहिणीवरून शिव्या घातल्या. गाडी दोन आचके देऊन मेली. बाहेर पाऊल टाकलं तर नाकातले केस ताठ झाले. फिल्टर उघडला. आत डिझेल कसलं, थिजलेली पांढरी चरबी.

मग सुरू झाला जिवाचा आटापिटा. शेगडीवर बर्फ वितळवून पाणी उकळायचं, फिल्टरवर ओतायचं, टाकीखाली चिंध्या पेटवायच्या. गाडी सुरू व्हायची, दोन वळणं चढायची, पुन्हा बंद. शुछिननं स्वतःचा स्वेटर फाडून चिंध्या केल्या. एक कोळशाचा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून टाकीकडं पाहिलं.

"कितीचं आहे?"

"शून्य."

"वा! अन् पोहायची चड्डी आणलीय का? पुढं नदी आहे, बुडी मारा!" एवढं बोलून मात्र तो उतरला, आपली ज्योत सोडणारी गॅसबत्ती घेऊन बराच वेळ टाकीखाली आडवा पडला.

तेव्हाच फोन वाजला. बाओखूनं फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला होता. सासरा जन्मभर जंगल खात्याच्या लाकडाच्या ट्रकवर होता; शीलिनच्या हातात स्टिअरिंग त्यानंच दिलं होतं. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"कुठं?"

"घाटात, बाबा."

"कितीचं भरलंय?"

चाकाशी शुछिन त्याच्याकडंच बघत उभी होती. हाच प्रश्न विचारून म्हाताऱ्यानं त्याला घडवला होता, आणि मरणाच्या दारात त्याला खरं सांगायची शीलिनची छाती झाली नाही.

"उणे पस्तीसचं."

"मग दुपारी येशील," म्हातारा म्हणाला. स्वरात समाधान होतं.

शुछिननं उकळत्या पाण्याचं भांडं उचललं आणि फिल्टरवर ओतलं.

ते गन्ह गावात शिरले तेव्हा दिवस कलला होता. अंगणात बाओखू डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधून उभा होता. ती पट्टी बघितली आणि शुछिन चालत्या गाडीतून उतरली. शीलिन स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. देवा, कालचा दिवस परत दे, त्या रांगेत मी हवे तितके दिवस उभा राहतो. मग तोही खाली उतरला.

"दुपारपासून तुमचीच वाट बघत होते," बाओखू म्हणाला. "श्वास लागला तेव्हा मी दोनदा अंगरखा काढला. दोनदा माझा हात झटकला. म्हणाले, गाडीत पस्तीसचं आहे, आत्ता येतील. शुछिन घालेल. भावोजी, वाटेत झालं तरी काय?"

"घाटात बर्फ होता," शुछिन म्हणाली. "रस्ता बंद होता."

तिनं हे त्याच्याकडं न बघता सांगितलं. तिनं तिथंच त्याचे वाभाडे काढले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

खालून शेकलेल्या झोपायच्या ओट्यावर म्हातारा साध्या बनियनवर पडला होता, तोंड दाराकडं. शुछिननं पेटारा उघडला, निळा अंगरखा झटकला आणि बापाचा हात बाहीत घालायला घेतला. हात वळेना. तिनं कोपर चोळलं, तोंडाची वाफ दिली, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "बाबा, एवढा हात सैल सोडा ना. मी आलेय."

हात तसाच ताठ. शीलिन पुढं झाला, त्यानं दुसऱ्या बाजूनं खांद्याखाली हात घातला.

"तू हात लावू नकोस," ती हळूच म्हणाली, बाओखूला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

तो मागं सरून दाराशी उभा राहिला. ती एकटीच त्या बाहीशी झटत राहिली.