हनुवटी खाली, मग घास

भावाला या दुसऱ्या पुनर्वसन केंद्रात आणलं, तेव्हा ताईचा कुणावरही विश्वास उरला नव्हता. ती शिवणकाम करायची आणि धाकटा भाऊ रंगारी. परांचीवरून तोल जाऊन तो खाली पडला, डोक्याला मार लागला. जीव वाचला, पण डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडखळायला लागलं. पहिल्या केंद्रात त्याची मनगटं पलंगाला बांधून ठेवायचे. विचारलं तर, पडू नये म्हणून, असं सांगायचे. एकदा सदरा बदलताना त्याच्या पाठीवरची जखम ताईच्या नजरेस पडली. त्याच दिवशी तिने त्याला तिथून हलवलं.

त्यामुळे नव्या जागी ती वेळीअवेळी जाऊन धडकायची. कधी आपलं शिवणाचं दुकान उघडण्याआधी, कधी भर दुपारी. गेल्या गेल्या त्याच्या टाचा बघायची, नखं बघायची, चादर नाकाशी नेऊन हुंगायची. एकदा ती त्याचा सदरा वर करून पाठ चाचपत होती, तेवढ्यात मुख्य सिस्टर आत आल्या. अंगाने भरलेल्या, संथ चालीच्या बाई. ताईने झटकन हात मागे घेतला.

"असू द्या," सिस्टर म्हणाल्या. "नीट बघा. कुशीवर वळवायला मी मदत करते."

दोघींनी मिळून त्याला वळवलं. पाठ स्वच्छ होती. जुन्या जखमेचा नुसता गुलाबी डाग राहिला होता. त्या दिवशी घरी गेल्यावर ताई पोटभर जेवली.

भाऊ हळूहळू माणसात येत होता. काठीला धरून खिडकीपर्यंत जायचा. तोंड उघडलं की आधी तक्रार. "ताई, या भिंतीला यांनी रंगाचा दुसरा हात मारलाच नाही. नुसतं फसवलंय." पण त्याचं खरं भांडण होतं चहाशी. गिळताना त्याचा घसा दगा द्यायचा, म्हणून त्याला सगळं मऊ करून भरवायचे आणि चहासुद्धा पूड घालून दाट करायचे.

"हा चहा आहे? खळ आहे खळ," तो म्हणायचा. "भिंतीला कागद चिकटेल याने."

पलंगाच्या डोक्याशी पाटी होती: मऊ अन्न, दाट पेय. ताईने ती वाचली होती. पण भावाच्या तोंडाची चव गेलीय, तो वाळत चाललाय, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. एका दुपारी तो फारच मागे लागला. "एकच बिस्कीट दे ना. लहानपणी चोरून द्यायचीस तसं." ताई विरघळली. दाराकडे पाठ करून बसली आणि पिशवीतल्या पुड्यातलं बिस्कीट मोडून तिने त्याच्या तोंडात घातलं.

तो हसला, आणि हसतानाच घास अडकला. आधी खोकला आला, मग तोही बंद झाला. डोळे मोठे झाले, ओठ निळसर पडायला लागले. ताईने पाण्याचा पेला उचलला मात्र, तोच दारातून वॉर्डातले मदतनीस मामा धावत आले.

"पाणी नको!" त्यांनी पेला बाजूला सारला, भावाला पुढे वाकवलं आणि तळहाताने दोन्ही खांद्यांच्या मधोमध जोरात थापा मारल्या. ओला लगदा चादरीवर पडला. भावाने हुंदक्यासारखा श्वास ओढला. पाठोपाठ सिस्टर आल्या, डॉक्टर आले, छाती तपासून झाली. धोका टळला होता, पण रात्रभर लक्ष ठेवावं लागणार होतं.

ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. आता मला दारातही उभी करणार नाहीत, हेच तिच्या मनात घोळत होतं. सिस्टर येऊन शेजारी बसल्या.

"मीच दिलं," ताई म्हणाली. "इतके दिवस तुमच्यावर पाळत ठेवली, आणि जीवावर उठले ते मीच."

"तुम्ही मायेने दिलंत," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही पाटी लावली आणि मोकळे झालो. का द्यायचं नाही, दिलं तर काय होतं, हे तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. ते राहिलं. यात आमचीही चूक आहे, आणि मी ती वर कळवणार आहे. उद्या जेवणाच्या वेळी याल?"

"येऊ?"

"यायलाच हवं. घरी नेल्यावर त्याला भरवणार कोण?"

दुसऱ्या दिवशी गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी ताईच्या हातात छोटा चमचा दिला. आधी त्याला ताठ बसवायचं. हनुवटी खाली, मग घास. घास गेला का ते गळ्याकडे बघून ओळखायचं, घाई करायची नाही, आणि तोंडात घास असताना हसवायचं नाही. भाऊ शहाण्या मुलासारखा मान खाली घालून गिळत होता. मामा कोपऱ्यात उभे राहून बघत होते, पण मध्ये पडले नाहीत.

तेव्हापासून नव्या पेशंटच्या घरच्यांना पहिल्याच आठवड्यात एकदा तरी जेवणाच्या वेळी बोलावून शिकवायचं, असा केंद्राचा नेम झाला. एकदा तर सिस्टरनी एका घाबरलेल्या सुनेला ताईच्याच शेजारी आणून बसवलं. "यांचं बघा," एवढंच म्हणाल्या.

पुढे एका रविवारी ताईला सकाळपासून कणकण होती. पूर्वी ती तापातही निघाली असती. तिने केंद्रात फोन लावला, आज येणं जमणार नाही म्हणून सांगितलं, आणि सिस्टर काही बोलायच्या आत म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही."

"आधी झोप काढा," सिस्टर म्हणाल्या. "थांबा, भाऊ काहीतरी म्हणतोय."

फोनवर जरा खुडबूड झाली. मग भावाचा आवाज आला, सावकाश पण स्पष्ट. "ताई, बरं झालं. आज मामांशी पत्ते खेळतोय. तू शेजारी बसलीस की ते भाव खातात, मला जिंकूच देत नाहीत."

ताईने फोन ठेवला, चादर डोक्यावर ओढली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.