टाचणीचे प्रश्न

टाचणीने हजेरीचा कागद उलटा करून मागची कोरी बाजू आधी नीट तपासली आणि मगच सही केली. शिवणाच्या कारखान्यातल्या बायकांनी तिला हे नाव उगाच ठेवलं नव्हतं.

वाचनालयाच्या माडीवर दर आठवड्याच्या वर्गाचा आज आठवा दिवस होता. कॅन्सरवरच्या नव्या औषधांची चाचणी कशी व्हावी हे ठरवणाऱ्या समितीला, रुग्णांच्या बाजूने बोलायला, तिच्या वस्तीसारख्या वस्त्यांतल्या बायका हव्या होत्या. म्हणून हे प्रशिक्षण. आजवर ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही त्यांना आत्ताच कसला पुळका, हे टाचणीला उमगत नव्हतं. समोरच्या बिस्किटालाही तिने हात लावला नव्हता.

"नवं औषध ज्यांच्या वाट्याला येणार नाही त्यांना काय, साखरेच्या गोळ्या?" तिने विचारलं.

शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच. काहींना त्याच्या जोडीला नवं औषध. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येतं."

"आणि काढलेल्या गाठीचं काय? पहिल्या दिवसापासून विचारतेय. माझ्या आईची बाटलीत घालून नेली. आई गेली, तरी काय निघालं ते कुणी सांगायला आलं नाही."

"ते चुकलंच," बाई म्हणाल्या. "निकाल पंधरा दिवसांत घरी कळवायचा, हे तुमच्या सांगण्यावरूनच चाचणीच्या कागदात घातलंय. पान तीन."

टाचणीने पान तीन दोनदा वाचलं. लिहिलं होतं खरं. पण दुधाने तोंड पोळलेली ती, ताक फुंकूनच पिणार.

घरी येऊन ती धाकट्या जावेसमोर मटार सोलायला बसली आणि दर आठवड्यासारखी तिखटमीठ लावून सांगू लागली. बाईंना कसं धारेवर धरलं, साखरेच्या गोळ्यांचा विषय कसा काढला. एरवी धाकटी हसून हसून बेजार व्हायची. आज ती उठली, कपाटातल्या साड्यांखालून एक पत्र काढून आणलं आणि टाचणीच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय गं?"

"दवाखान्याचं. छातीत गाठ लागत होती. सुईने तपासायला बोलावलं होतं. मी गेले नाही."

"का?"

"तुम्हीच म्हणालात ना, जाऊबाई. बाटलीत घालून नेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत."

पत्र दोन महिन्यांपूर्वीचं होतं, पहिल्या वर्गाच्या आठवड्यातलं. चांगलं फैलावर घ्यावं असं टाचणीला वाटलं, पण कुणाला?

धाकटीने पुन्हा शेंग हातात घेतली. "इतकं विचारता तुम्ही तिथे. त्या बाई उत्तर काय देतात, ते मात्र कधी सांगितलं नाहीत."

आपले सगळे प्रश्न टाचणीला तोंडपाठ होते. उत्तरंही तिने ऐकली होती, पण त्यातलं एकही तिने या घरात आणलं नव्हतं. आपण काय करून बसलो ते तिला लख्ख कळलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली.

ती उठली. "चप्पल घाल. सातपर्यंत असतात बाई वाचनालयात. चल, तूच विचार त्यांना."

"मी? आणि तुम्ही?"

"मी ऐकते," टाचणी म्हणाली.