खोट्या लग्नाचे धवळे

आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर फारसं बिघडत नाही, पण धवळारीण आली नाही तर हळदीला कोणी हात लावत नाही. धवळारीण म्हणजे लग्नाचे विधी गाऊन लावणारी बाई, आणि ती गाते ते धवळे. देवांना आवतण, मांडव, हळद, नवरीची पाठवणी, प्रत्येकाचा वेगळा धवळा आणि सगळे तोंडपाठ. माझी आई, गोदूबाई, कल्याणच्या खाडीपासून भिवंडीपर्यंतची सगळ्यात मोठी धवळारीण. लोक आधी तिची तारीख घ्यायचे, मग हॉलची. ‘गोदूबाईनं लावलेलं लगीन मोडत नाय’ असं पंचक्रोशीत म्हणत. आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण मनातून फुगायची. मला माहीत आहे ना.

मी तिची एकुलती एक मुलगी, हेमा, आणि मला एकही धवळा येत नाही. ठाण्याला कॉलेजात असताना एका मैत्रिणीने विचारलं, “तुझी आई लग्नात गाते म्हणजे बँडमध्ये का?” तेव्हापासून मी आईच्या गाण्यापासून चार हात लांब राहिले. नौपाड्याच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. पोरांना ओव्या शिकवल्या, लोकगीतांवर निबंध लिहून घेतले आणि स्वतः मात्र आईकडे गेले की तिने सूर लावताच उठून स्वयंपाकघरात जायचे. एवढी शिकलेली मी, अक्कल तेवढी गहाण.

मग मागच्या मार्चमध्ये आईचा घसा बसला तो उठेना. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला न घेता तिच्यासमोरच सांगितलं, “स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही वाचणार.” आईने फक्त वार विचारला. बारा दिवसांनी, मंगळवार.

डोंबिवलीला आईच्या घरी परतताना रिक्षात मी म्हटलं, “आई, सगळे धवळे एकदा म्हण. मी मोबाईलवर घेते.”

“लगीन कोनाचा हाय?”

“कोणाचं नाही गं. नुसतं म्हणायचं.”

“नुसता कसा म्हनू? धवल्यात मी देवांना नाव घेऊन बोलवतंय. आपले वारलेले मानसा, त्यांनाबी बोलवतंय. ती दारात आली आन लगीनच नाय, त मी त्यांना काय सांगू?”

हे मला नवीन नव्हतं. पूर्वी एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, तर तिने त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि विचारलं, “तुजा लगीन कवा हाय? तवा येईन मी गायाला.” प्राध्यापकांना दोन मुलं होती. आम्ही सगळे हसलो होतो. आता हसू येईना. तिच्याइतके धवळे येणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि मंगळवारनंतर ते कोणालाच ऐकू येणार नव्हते.

शिळफाट्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ऋजुताचं ठरलंय.”

ऋजुता माझी मुलगी. तिचं काहीएक ठरलं नव्हतं.

आईचा चेहरा असा उजळला की मला माघार घेता येईना. मुलाचं नाव विचारलं तेव्हा मी ऋजुताच्या ऑफिसातल्या मित्राचं सांगितलं, सौमित्र. मग आईनेच पुढचं सगळं ठरवलं. आवाज जायच्या आत नातीचं लगीन आपण घरातल्या घरात लावायचं, कोर्टात सही मग करू देत, गाव ऑपरेशननंतर जेवेल.

ऋजुता माझ्यावर भडकली. “आई, तू वेडी आहेस का? आजीला फसवायचं?” मग म्हणाली, “मी बसते हळदीला. पण हे चुकीचं चाललंय हां.” सौमित्र भला मुलगा. आजीच्या आजारपणात नाव वापरलं तर माझं काय जातंय, म्हणाला.

शनिवारी सकाळी आईच्या बाल्कनीच्या ग्रिलला आंब्याचे टहाळे बांधले, तोच मांडव. ऋजुता पिवळी साडी नेसून पाटावर बसली. नवऱ्याला शनिवारची सुट्टी नाही, असं मी आईला सांगितलं होतं. मी मोबाईल चालू करून शेजारी ठेवला. आईने पदर खोचला, देवांना हात जोडले आणि सुरू केलं. मधेमधे कोमट पाणी, पुन्हा सुरू. आवाज फाटत होता, ती फाटक्या आवाजातच गात होती. ओठ पुसलेल्या फडक्यावर रक्त दिसलं तेव्हा मी तिचा हात धरला, तो तिने झटकला. दर धवळ्यात ती नावं गुंफायची, ऋजुताबाय, सौमित्रराव. एका धवळ्यात नवरीचे आजोबा मिठागरावरून पाय धुवून लग्नाला येतात. आजोबा म्हणजे माझे वडील, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. मी ढसाढसा रडले. पंचावन्न वर्षांत मी आईला पहिल्यांदा धड ऐकत होते, आणि तेही चोरून.

संध्याकाळपर्यंत सगळे झाले. एकच राहिला, पाठवणीचा.

“तो नवरा दारात उभा राह्यला का गायाचा,” आई म्हणाली. “त्याच्या तोंडाकर बघून गायाचा असतंय. त्याला पोर सोपवायची.”

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला सगळे हवे होते. मी सौमित्रला फोन केला, दहा मिनिटं दारात उभा राहा म्हटलं.

रविवारी तो इस्त्रीचा झब्बा घालून आला. आई दारात गेली, त्याच्या गालांवरून हात फिरवून तिने बोटं मोडली आणि विचारलं, “माज्या पोरीला नीट नेशील ना रं?”

तो “हो” म्हणाला असता तर प्रश्न मिटला असता. पण पोरगं सरळ, त्याला आजीच्या तोंडावर खोटं बोलवेना. त्याने माझ्याकडे बघितलं. आईने त्याची नजर पकडली आणि तीही माझ्याकडे वळली. शाळेत कॉपी करताना सापडलेली पोरं कशी उभी राहतात ते मी तीस वर्षं बघितलंय. तशीच मी उभी होते.

आईने बाल्कनीत जाऊन टहाळे सोडले, एकेक करून.

“आता देवांना काय सांगू, हेमा?” एवढंच म्हणाली. सोमवारी ती माझ्याशी बोलली नाही आणि मंगळवारी तिचा आवाज काढून घेतला.

बाकीचे पेशंट पाटीवर लिहून बोलतात. आईला अक्षरओळख नाही. मी आयुष्यभर लोकांच्या पोरांना लिहायला शिकवलं, आईला तिची सहीसुद्धा शिकवली नव्हती. चहा, पाणी, औषध खुणांनी चालायचं. मी किती वेळा तिच्या पायाशी बसून माफी मागितली. ती माझ्या डोक्यावर हात ठेवायची नाही आणि मला दूरही सारायची नाही. नुसती भिंतीकडे बघत बसायची.

आठ महिन्यांनी, डिसेंबरात, ऋजुताचं खरोखरच लग्न झालं. मुलगा संदेश, कल्याणचा. दुसरी एक धवळारीण बोलावली होती, तिला तीन धवळे येत होते. तिसरा संपला आणि डीजे लागला. आईचे धवळे लावायला मी मोबाईल पुढे केला तर ऋजुता म्हणाली, “आई, त्यात सगळीकडे सौमित्रचं नाव आहे. संदेशच्या घरचे काय म्हणतील?” खरंच होतं. त्या धवळ्यांनी कोणाचंच लग्न लागणार नव्हतं, ते या जगात कुठेही चालणार नव्हते.

पाठवणीची वेळ झाली. संदेश नवरीला न्यायला दारात येऊन उभा राहिला, आणि कोपऱ्यातली आई उठली. गळ्याचा रुमाल सारखा करत ती दारापर्यंत गेली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि एका हाताने चौकट धरून तिने ओठ हलवायला सुरुवात केली. दुसरा हात ठेका धरत होता. ऑपरेशनमध्ये मानेला ठेवलेल्या छिद्रातून नुसती हवा येत होती. डीजेवाल्याला कोणी तरी गप्प केलं, तरी काही ऐकू आलं नाही. ऋजुता हुंदके देत उभी राहिली. संदेश मान खाली घालून उभा होता. आई एकही ओळ न गाळता शेवटपर्यंत गात राहिली. मी तिच्या अगदी जवळ जाऊन तिचे ओठ वाचत होते. ऋजुता आणि संदेश, ही दोन नावं ओळखू आली. बाकी एकही शब्द मला कळला नाही.