उकळबाई

"आये, हिचे ओठ बघ. जांभळं खाल्ल्यावानी झालेत," सून वर्षा म्हणाली.

बायजीने नातीला दारातल्या उजेडात धरलं. दोन महिन्यांची पोर. ना रडत होती, ना हातपाय हलवत होती. नखंसुद्धा निळसर. थंडी म्हणावी तर दुपारचे बारा वाजलेले. अठरा वर्षं आशाताईचं काम केलेल्या बायजीला जुलाब कळायचे, ताप कळायचा. हे काही कळेना. तिने चुलीकडे पाहिलं. बाळाच्या दुधाचं पाणी पातेल्यात खदखदत होतं. पाण्यात खोट नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तळासरीजवळच्या या पाड्यात बायजीला बायजी कुणी म्हणत नाही. उकळबाई म्हणतात. ती आशा झाली तेव्हा दर पावसाळ्यात एकदोन तान्ही पोरं हगवणीने जायची. बायजी आपलं पातेलं काखोटीला मारून घरोघर फिरायची, ज्या-त्या बाईच्या चुलीवर पाणी चढवायची आणि ते खळखळून उकळेपर्यंत ठिय्या मारून बसायची. "पानी हाय का नागली, शिजवत बसायला?" म्हणून शेजारची कमळी खिदळायची. खिदळत खिदळत तीही पाणी उकळायला लागली, आणि तिची तिन्ही पोरं जगली. काय दिवस होते ते! विहीर बायजीच्या सासऱ्याने, लाहूने, सगळ्या पाड्याला हाताशी घेऊन खणलेली. पाणी असं गोड की बाहेर दिलेल्या लेकी माहेरी आल्या की आधी विहिरीवर जायच्या. कडेवरच्या पोराच्या ओठाला एक थेंब लावायचा, मगच घराचा उंबरा. ही रीत कुणी घातली ते कुणाला आठवत नाही, पण मोडली कुणीच नाही.

बाळंतपणानंतर वर्षाला तापाने धरलं आणि तिचं दूध आटलं. तेव्हापासून डब्यातल्या भुकटीचं दूध. त्याचं पाणी बायजी दुसऱ्या कुणाला उकळू देत नसे. नातीचं म्हणून अंमळ जास्तच; पातेलं निम्मं होईपर्यंत.

जीप करून ते डहाणूच्या दवाखान्यात पोचले. तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाचं रक्त काढलं. ते लाल नव्हतंच. काकवीसारखं तपकिरी होतं.

"पाणी कुठलं देता?"

"विहिरीचं. पन उकळून हां, मॅडम. पार निम्मं आटवून."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, उकळून जंतू मरतात. पण पाण्यात नायट्रेट असेल तर ते मरत नाही. खतातून, गोठ्यातून, संडासाच्या खड्ड्यातून ते विहिरीत उतरतं. पाणी आटलं की उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. मोठ्यांना लगेच जाणवत नाही. एवढ्याशा बाळाचं रक्त मात्र नासतं."

लग्नाआधी बायजी मिठागरावर कामाला होती. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती बाकावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मायेने आटवलं तेवढं विष वाढलं होतं.

शिरेतून औषध गेलं. संध्याकाळपर्यंत बाळाच्या ओठांवर रंग आला, आणि ते भुकेने असं काही किंचाळलं की वर्षा रडता रडता हसली. आठवड्याने बाळाला घेऊन ते घरी आले, त्याच दिवशी विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त. वरच्या अंगाला मिरचीची वाडी, काठाला गुरं. आता कुणाकुणाला बोल लावायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळीच बायजी बाहेर पडली. पहिलं घर कमळीचं. तिचा नातू चार महिन्यांचा, तोही बाटलीवर. चुलीवर पातेलं होतंच.

"कमळे, उतरव ते."

"आँ? तूच ना बोलायची, उकळ म्हनून?"

"बोललेली. आता मीच सांगते, हे पानी बाळाला नको. उकळून तर नकोच नको. शाळेच्या नळाचं आन, ते तपासलेलं हाय. त्याला एक उकळी दे आन् उतरव, आटवू नको. माझी नात मरता मरता राहिली. मीच पाजलं तिला."

"म्हंजे एवढी वर्सं तू खोटं सांगत व्हतीस?"

"नाय गं. तेव्हा पान्यात जंतू व्हते, ते आगीला भ्यायचे. आता जे हाय, ते आगीला भीत नाय. मला कळलं नाय, कमळे. चुकलं माझं."

बायजीला वाटलं, संपलं. आता या पाड्यात आपला शब्द कोण ऐकणार? कमळीने पातेलं उचललं, अंगणात नेऊन ओतलं आणि कळशी काखेला लावली.

"चल उकळबाई. नळाचं पानी किती वाजता येतं, ते सांग."

त्या दुपारी ग्रामपंचायतीने दिलेला लाल रंग बायजी, पाणी पिऊ नये याची खूण म्हणून, विहिरीच्या काठाला लावत होती. आत पाणी तसंच नितळ, तळ दिसावा असं. तिला त्याचा राग आला, आणि त्याची मायाही आली. तेवढ्यात झाई गावाला दिलेली कमळीची लेक जयवंती बसमधून उतरून थेट विहिरीवर आली. कडेवर तान्हं पोर. तिने पोहरा सोडला, ओढला, त्यात बोट बुडवलं आणि पोराच्या तोंडाशी नेलं.

बायजीने रंगाच्या हातानेच तिचं मनगट धरलं.

"ओठाला नको, बाय," ती म्हणाली. "कपाळाला लाव."